शंकाकाकूंचा शब्द

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. त्या खोलीत बसून शंकाकाकू लोकांची लग्नं वाचवतात की मोडतात, यावर गल्लीत दोन मतं होती. काकूंचं स्वतःचं म्हणणं असं, की जे मोडणारच आहे ते लग्नाआधी मोडलेलं सगळ्यांनाच स्वस्त पडतं. हे त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की ऐकणाऱ्याला आपल्याच लग्नाची काळजी वाटायला लागायची.

काम तसं साधं होतं. लग्न ठरलेली मुलं-मुली जोडीने यायची आणि काकू त्यांना पैशांबद्दल बोलायला लावायच्या. एरवी ही मंडळी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलून झालेली असायची. मुलं किती हवीत, भिंतींना रंग कुठला, कुत्रा पाळायचा की नाही, सगळं ठरलेलं. पण हातात पगार किती पडतो, आईवडिलांना दरमहा काय द्यावं लागतं, आपल्या नावावर दुसऱ्या कुणाचं कर्ज आहे का, एवढं विचारायची वेळ आली की दोघंही एकदम लाजरीबुजरी. काकूंना या लाजण्याचा भारी संशय. ही लाज नव्हे, लपवाछपवी आहे, असं त्या तोंडावर सांगायच्या, आणि मग चहा मागवायच्या.

त्यांची सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली होती. टेबलापलीकडे बसून कर्ज मागणाऱ्यांचं गोड बोलणं ऐकण्यात केस पांढरे झाले. माणूस खोटं बोलायला लागला की जास्त नम्र होतो, हा त्यांचा तिथला शोध. त्यामुळे कुणी फारच अदबीने वागलं की काकू चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या. निवृत्त झाल्यावर घरी करमेना. नवरा आधीच गेलेला, घरात संशय घ्यायला एकटा मुलगा, आणि तो तरी किती पुरणार? म्हणून ही खोली. ‘शंकाकाकू’ हे नाव खालच्या लाँड्रीवाल्याने ठेवलं, कारण त्या रोज इस्त्रीचे कपडे मोजून घ्यायच्या, आणि बरोबर निघाले की आणखीच साशंक व्हायच्या.

खोलीत तीन खुर्च्या, एक पंखा आणि खालून येणारा वाफेचा वास. कागद-पेन नाही. काकू काही लिहून घ्यायच्या नाहीत. फी दोघांनी अर्धी-अर्धी द्यायची, आणि तीही आल्या आल्या. पैसे काढताना कोण कुणाकडे बघतं, यावरून अर्धं काम होतं, असं त्या म्हणायच्या. मग खुर्च्या समोरासमोर ओढायच्या आणि सांगायचं, आता तू ती, आणि तू तो. म्हणजे मुलाने मुलगी होऊन बोलायचं: मी अमुक काम करते, माझ्या पगाराचं मी असं असं करते. मग मुलीने मुलगा होऊन. जो ऐकतोय त्याने मधे तोंड उघडायचं नाही. बोलणारा जिथे अडखळला, तिथे पाणी मुरतंय.

एकदा एक व्यायामशाळेतला दांडगा शिक्षक नवरी होऊन बोलायला लागला. म्हणे मी फार साधी आहे, मला काहीच लागत नाही. समोरची मुलगी हसता हसता रडायला लागली, कारण गेलं वर्षभर तिने काहीही मागितलं तरी त्याने ते चेष्टेवारी नेलं होतं. दुसरीकडे एका मुलीने नवरा होऊन सांगितलं, की माझे सगळे पैसे माझा थोरला भाऊ सांभाळतो आणि मी त्याला कधी विचारत नाही. तो मुलगा मान खाली घालून बसला. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते वेगळंच वाटलं असणार. ही दोन्ही लग्नं पुढे झाली. काकूंना त्याचं जरा आश्चर्यच वाटलं.

सुरुवात करण्याआधी काकू एक गोष्ट न चुकता सांगायच्या. इथलं बोलणं इथेच राहतं. मी कुणाला सांगत नाही, आणि उद्या रस्त्यात भेटलात तर ओळखही दाखवणार नाही. हे त्या अक्षरशः पाळायच्या. बाजारात समोरून एखादं जोडपं आलं की काकू भाजीत डोकं खुपसायच्या. लाँड्रीवाल्याने खूप खडे टाकून पाहिले. वरून एखादी मुलगी डोळे पुसत उतरली की तो सहज विचारल्यासारखं करायचा, काय, जमलं नाही वाटतं? काकू म्हणायच्या, तुम्ही कॉलरचे डाग काढा, मी माझं बघते. जगात कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या या बाईचा स्वतःच्या तोंडावर मात्र पूर्ण विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर तो तिने कमावलेला होता.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. उंच, अबोल, हाताला कायम ग्रीसचा वास. आईच्या संशयात वाढलेल्या मुलांचं दोनपैकी एक होतं, ती एकतर पक्की लबाड होतात किंवा हा झाला तसा सरळसोट. एकदा एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत एक मुलगी. दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला, हातातल्या ट्रेमध्ये चार-पाच माणसांचे दात. बाकी लोक अडकले की आरडाओरडा करतात. हिने फटीतून एवढंच विचारलं, की घाई नाही, पण लिफ्ट हलताना ट्रे आडवा तर होणार नाही ना. मुलाने घरी येऊन ही गोष्ट दोनदा सांगितली, तेव्हाच काकूंच्या लक्षात आलं की आता हे प्रकरण लग्नापर्यंत जाणार.

गेलंही. एका रविवारी तो तिला घरी घेऊन आला. काकूंनी दार उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

ही मुलगी त्यांनी पाहिलेली होती. त्यांच्याच खोलीत, खिडकीकडच्या खुर्चीत.

"नमस्कार काकू," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. भेट मात्र आज पहिल्यांदाच."

काकूंनीही तोंडभर हसून या या म्हटलं. नियमच होता तो, ओळख दाखवायची नाही. पण तो नियम काकूंचा होता. या मुलीने तो पाळायचं कारण काय? तिने सरळ म्हणायचं होतं, की मी तुमच्याकडे येऊन गेले आहे. काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी ही मुलगी एका फर्निचर विकणाऱ्याबरोबर आली होती. काकूंनी मनातल्या मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. तो मुलगी होऊन छान बोलला. म्हणे मी अर्धा पगार घरी देते, उरलेला साठवते, माझं लपलेलं असं काही नाही. ती ऐकत राहिली, नियमाप्रमाणे गप्प. त्याचं संपल्यावर म्हणाली, एक राहिलं. मी एक खोली भाड्याने घेतली आहे, कालव्याजवळ. तिथे मी राहत नाही, नुसतं भाडं भरते. लहानपणी घरात भांडण झालं की आई जिन्यात बसून राहायची, कारण तिला जायला दुसरी जागाच नव्हती. मला लग्न मोडायचं नाही, पण जिन्यात बसायचं नाही. म्हणून ती खोली मी लग्नानंतरही ठेवणार आहे, आणि भाडं माझ्या पगारातून जाईल.

गोडबोल्या शेवटपर्यंत हसत होता. हसत हसत उठला, हसत जिना उतरला, आणि तो आठवडा संपायच्या आत लग्न मोडलं. काकूंना तेव्हा ती मुलगी फार आवडली होती. इतकं सरळ बोलणारं माणूस त्यांनी कर्ज विभागात कधी पाहिलं नव्हतं. पण तेव्हा ती दुसऱ्याच्या घरात जायची होती.

आता ती त्यांच्या घरात येणार होती. काकूंच्या डोक्यात एकच भुंगा: त्या खोलीचं माझ्या पोराला माहीत आहे का?

विचारावं तर तोंड बांधलेलं. लाँड्रीवरच्या खोलीतलं बोलणं त्या मुलालाही सांगू शकत नव्हत्या आणि ‘पहिल्यांदाच’ भेटलेल्या मुलीलाही विचारू शकत नव्हत्या. मग त्यांनी आडून आडून सुरुवात केली. जेवताना मुलाला म्हणाल्या, तिचं पैशाचं कसं आहे? तो म्हणाला, सरळ आहे. सरळ म्हणजे? म्हणजे सरळ. आणि हे सांगताना तो ताटात बघत होता. आता माणूस जेवताना ताटात नाही बघणार तर कुठे बघणार? पण काकूंना ते खुपलं.

ती आली की काकू चहाबरोबर एखादा प्रश्न पुढे सरकवायच्या. आजकाल खोल्यांची भाडी किती वाढली आहेत, नाही? ती म्हणायची, हो ना, आणि बशीत चहा ओतायची. ताकास तूर लागू द्यायची नाही. घरातली आतली खोली दोघांसाठी रंगवून घ्यायचं चाललं होतं. कपाट किती मोठं करू, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाली, लहान चालेल, माझं सामान फार नाही. सामान फार नाही म्हणजे बाकीचं कुठे आहे? तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक किल्ली जास्तीची दिसली. कसली गं ही? जुनी आहे, ती म्हणाली आणि जुडगा पर्समध्ये टाकला. फार अदबीने टाकला.

एकदा काकूंनी सरळच म्हटलं, तुम्ही दोघं एकदा माझ्याकडे बसून घ्या की, बाहेरच्यांचं करते, घरच्यांचं नको? मुलाने आणि तिने एकमेकांकडे बघितलं. मग मुलगा म्हणाला, "नको आई. आमचं बोलून झालंय." त्या बघण्यात काहीतरी होतं. दोघांना मिळून काहीतरी माहीत होतं आणि ते आपल्यापासून लपवलं जात होतं, एवढं काकूंना पक्कं कळलं. पण मग त्यांनी स्वतःचीच समजूत घातली, की पोरगा भोळा आहे, तिने त्याला काहीतरी अर्धवट सांगून गुंडाळलं असणार. आईला पोरगा लबाड वाटण्यापेक्षा भोळा वाटलेला बरा असतो.

शेवटी एका दुपारी त्या कालव्याकडे गेल्या. जाण्याचं कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. पिशवी घेतली होती, म्हणजे बाजाराला आल्यासारखं दिसावं. कालव्याच्या कडेने सायकल दुरुस्तीची, गाद्या भरायची, आरशांना चौकटी लावायची दुकानं. दोन-तीन घरांत विचारून झालं. मग एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी शर्टाला बटणं लावत बसलेली दिसली. वर एक खोली, लोखंडी जिना, खिडकीला नवा पडदा. काकूंनी विचारलं, ही वरची खोली भाड्याने मिळेल का हो, एका ओळखीच्यांना हवी होती. त्या फार नम्रपणे बोलत होत्या. हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

म्हातारी घरमालकीण निघाली. म्हणाली, ती दिलेली आहे, दातांचं काम करणाऱ्या एका मुलीला. राहत नाही, येऊन-जाऊन असते. भाडं मात्र वेळेवर.

"एकटीच येते?" काकूंनी विचारलं.

"पूर्वी एकटी यायची. आता दाराशी पुरुषाचे बूटही दिसतात. मला काय करायचंय? नळ गळत होता तो दुरुस्त झाला, माझं काम झालं."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसले बूट, केवढे बूट, हे त्यांनी विचारलं नाही. एरवी त्यांनी बुटांचा नंबर विचारला असता. परत येताना रस्ता कसा संपला ते त्यांना कळलं नाही. संशय बरोबर ठरल्याचा जो एक कडू आनंद असतो, तो त्यांना कर्ज विभागात पुष्कळदा झाला होता. या वेळी मात्र आनंद जवळपासही नव्हता. त्यांना भीती वाटत होती.

तरीही काही दिवस त्यांनी दातांवर दात दाबून काढले. दिलेला शब्द हा शब्द असतो, असं त्या मनाला बजावायच्या, आणि पाचच मिनिटांत दुसरं मन म्हणायचं, की शब्द परक्यांसाठी, पोटचा पोरगा डोळ्यांदेखत खड्ड्यात चालला आहे. लाँड्रीवाला म्हणाला, काकू, आज तुम्ही कपडे मोजले नाहीत. काकू गठ्ठा उचलून तशाच निघाल्या.

मग एका रविवारी दुपारी मुलगा स्वयंपाकघरातलं अडकणारं ड्रॉवर काढून बसला होता. स्क्रू फिरवता फिरवता त्याने सहज सांगितलं, की लग्नाच्या नोंदणीची तारीख मिळाली, आणि दोघांनी मिळून एक खातं उघडायचं ठरवलंय, माझी सगळी शिल्लक त्यात टाकतोय. झालं. काकूंचा बांध फुटला.

"तिची एक खोली आहे," त्या म्हणाल्या. "कालव्याजवळ. भाड्याची. तुला माहीत नाही."

मुलाचा हात थांबला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. तुझ्याआधी तिचं एक ठरलं होतं. त्याला घेऊन ती माझ्याकडे आली होती, माझ्या खोलीत. तिथे बोलली. आणि आता त्या खोलीवर कुणीतरी पुरुष येतो. मी जाऊन विचारून आले."

स्क्रू-ड्रायव्हर त्याने फरशीवर ठेवला, अगदी सावकाश, आवाज न करता.

"तो मी, आई," तो म्हणाला. "नळ मी बसवला."

काकू खाली बसल्या. मग मुलाने जे सांगितलं, ते त्याने एरवी वर्षभरात बोललेल्या शब्दांपेक्षा जास्त होतं. तिने त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. खोली, गोडबोल्या, जिन्यात बसणारी आई, सगळं. आपली आई काय काम करते हे त्याने तिला सांगितलं, तेव्हा ती एकदम पांढरी पडली होती. कारण ते लग्न मोडल्यावर खोलीची गोष्ट बाहेर फुटली होती. तिच्या कामाच्या ठिकाणी, नातेवाइकांत, सगळीकडे. आणि फुटली ती तिखटमीठ लावून. मुलगी खोली ठेवून आहे, म्हणजे तिथे कुणाला तरी ठेवून आहे. तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ते आजतागायत बोलत नाहीत. आणि तोवर ही गोष्ट तिने दोनच माणसांसमोर काढली होती, एक गोडबोल्या आणि दुसऱ्या काकू.

"तिला वाटायचं, तूच सांगितलंस," मुलगा म्हणाला. "तो फर्निचरवाला तिला शपथा घेऊन सांगत होता, की मी कुणाजवळ बोललो नाही. मी म्हटलं, माझी आई सगळ्या जगावर संशय घेईल, माझ्या खिशात हात घालेल, पण लाँड्रीवरच्या खोलीतला एक शब्द बाहेर काढणार नाही. मी म्हटलं, तू ओळखच दाखवू नकोस. बघ, ती मलासुद्धा सांगणार नाही. तुझ्यावर पैज लावली होती मी, आई."

मग त्या जे बोलल्या ते त्यांनाच नंतर खरं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, तिला हे सांगू नकोस. आपल्या दोघांतच राहू दे.

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, घरमालकिणीने तिला सांगितलंय, एक चष्मेवाल्या बाई पिशवी घेऊन चौकशी करून गेल्या. ती म्हणत होती, तुझी आईच असणार. मी तिच्याशी भांडलो. म्हटलं, शक्यच नाही.

संध्याकाळी ती आली. काकूंनी चहा केला आणि तो कुणी घेतला नाही. ती रडली नाही, आवाज चढवला नाही. समोर बसली आणि म्हणाली, मला एकच विचारायचंय, त्या वेळी बाहेर सांगितलं ते तुम्हीच ना?

"मी नाही," काकू म्हणाल्या. "मी आजवर कुणाचं काही सांगितलं नाही. हे पहिलंच, आणि तेही माझ्या पोरासाठी. तो तुझा फर्निचरवाला बोलला असणार, त्याच्याशिवाय कोण?"

त्या अगदी खरं बोलत होत्या. सगळी हयात त्यांनी लोकांना एकच सांगितलं होतं, की बोलण्यावर जाऊ नका, दाखवायला काय आहे ते विचारा. आज त्यांच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. कागद तर त्यांनी मुद्दामच कधी ठेवला नव्हता. एक साक्षीदार होता, पोटचा मुलगा, आणि त्याच्याचजवळ त्यांनी शब्द मोडला होता.

मुलीने थोडा वेळ वाट पाहिली, काकू आणखी काही सांगतील म्हणून.

"असेलही," ती म्हणाली. "मला तुमच्यावर विश्वास ठेवायचा होता, काकू. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले. पण आता मला कसं कळणार?"

काकूंना हुंदका आला. त्यांनी तो गिळला नाही, आणि लपवायचा प्रयत्नही केला नाही. त्यांना स्वतःचा राग आला होता, पण त्याहून जास्त वाटत होतं ते दुःख होतं, की इतक्या वर्षांत जे एकदाही केलं नाही, त्याचा दोष आता कायमचा आपल्या माथी बसणार. आणि तो बसायला आपण आपल्याच हाताने जागा करून दिली. हे त्या मुलीला समजावून सांगणं अशक्य होतं. सांगायला गेलं तर ते गोडबोल्यासारखंच ऐकू आलं असतं.

लग्न मोडलं नाही. नोंदणीच्या कार्यालयात मोजकी माणसं जमली. काकूंनी सही केली, आणि कारकुनाने दाखवलेल्या जागेवरच केली, वाचून बघितलंही नाही. आतली खोली रंगवून तयार होती, लहान कपाटही आलं होतं. पण दोघं तिथे राहायला येणार नव्हते. ते कालव्याजवळ जाणार होते. मुलाने हे सांगितलं तेव्हा काकूंनी का म्हणून विचारलं नाही.

लाँड्रीवरची खोली त्यांनी सोडून दिली. मधे एक जोडपं आलं होतं, शाळेतला कारकून आणि त्याची होणारी बायको. खुर्च्या समोरासमोर ओढून झाल्या, फी दोघांनी अर्धी-अर्धी दिली, आणि ‘इथलं इथेच राहतं’ हे वाक्य म्हणायची वेळ आली तेव्हा काकूंच्या तोंडून ते निघेना. त्यांनी दोघांचे पैसे परत केले आणि बरं वाटत नाही म्हणून सांगितलं. लाँड्रीवाल्याला वाटलं, वयोमानाने थकल्या. त्याने तसं गल्लीभर सांगितलंही, आणि काकूंनी ते खोडून काढलं नाही.

मुलाचं सामान न्यायचा दिवस आला. सामान थोडंच होतं, हत्यारांची पेटी, कपड्यांच्या दोन बॅगा, एक टेबलपंखा. तो पेटी घेऊन खाली गेला. सून दारात थांबून बुटाची नाडी बांधत होती. काकू तिच्या मागे उभ्या होत्या. सकाळपासून एक प्रश्न त्यांच्या ओठांवर येऊन परत जात होता, आणि आता विचारला नाही तर कधीच विचारता येणार नाही असं त्यांना वाटलं.

"मी तिकडे आले तर दार उघडशील ना गं?"

सून उभी राहिली. तिने काकूंकडे नीट पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण माया म्हणावी तर तीही अजून नव्हती.

"उघडेन," ती म्हणाली. "पण येताना सांगून या."